पाय न टेकवता

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की मी तिथल्याच गोट्यांवर जुनी मोटारसायकल घेऊन जातो. खेळाचं नाव ट्रायल्स. यात वेग मोजत नाहीत. दगडांतून आखलेली वाट पाय न टेकवता पार करायची. एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा तर दोन, त्याहून जास्त तर तीन. पडलं तर पाच. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा 1909 साली सुरू झाली. आमची स्पर्धा स्वतःशीच!

शिकायला कारण घडलं. सौंसर रस्त्यावर गिट्टीत गाडी घसरली, मागे सौ. होत्या. खरचटण्यावर निभावलं, पण त्या पुन्हा बसेनात.

मग हेल्मेट घालून, फूटरेस्टवर उभं राहून, अर्ध्या क्लचवर सराव केला. चाकाखालचा दगड पाहिला की त्यावरच पडायचो. नजर पुढे ठेवली, तेव्हा जमलं.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन आलो. उतरताना सौ. म्हणाल्या, "आज शून्य गुण बरं का!"