रोजीचा प्रश्न आणि एकच माप

जून २०१८ मध्ये नामवंत शेफ अतुल कोच्छर यांनी अभिनेत्री प्रियांका चोप्रा यांना उद्देशून ट्विटरवर इस्लामविरोधी मजकूर लिहिला. नंतर तो काढून टाकला, माफीही मागितली. तरी दुबईच्या जेडब्ल्यू मॅरियट मार्क्विस हॉटेलने 'रंग महल' या उपाहारगृहासाठी त्यांच्याशी केलेला करार संपवला. आखातात कोकणातली कितीतरी मुलं राबतात. त्यामुळे ही बातमी आपल्या घराघरांत पोहोचली आणि अनेकांना समाधान वाटलं. आम्हालाही वाटलं, खोटं कशाला बोलावं?

पण उद्या आपल्याच मुलाने रागाच्या भरात दुसऱ्यांच्या श्रद्धेची टिंगल करणारं स्टेटस ठेवलं आणि मालकाने सकाळी सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस," तर? आपण म्हणू, "घरी बसून लिहिलं, त्याचा कामाशी काय संबंध?" मग हा प्रश्न आपल्याला तेव्हा का सुचला नाही?

माप दोघांना एकच हवं. ज्याचं नाव दारावर लावून गिऱ्हाईक बोलावलं जातं, त्याचं जाहीर बोलणं धंद्यापासून वेगळं काढता येत नाही. म्हणून हॉटेलचा तो निर्णय आम्हाला रास्त वाटतो. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. कारखान्याचे स्थायी आदेश आवारातल्या किंवा लगतच्या गैरवर्तनाबद्दलच बोलत असतील, तर कामाशी संबंध नसलेलं बाहेरचं वर्तन त्यांत ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सांगितलं. दोष सिद्ध होण्याआधीच चूल विझू नये, याचीही कायद्याने काळजी घेतली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात, चौकशी चालू असताना निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून देण्याची तरतूद झाली.

मात्र सोबत काम करणाऱ्यांनाच कुणी शिवीगाळ करत असेल, तर "घरी लिहिलं" ही सबब चालू नये. आणि मालकच आपल्या दीनची किंवा आयाबहिणींची जाहीर अवहेलना करत असेल, तर नोटिशीची मुदत भरून, हिशेब चुकता करून निघून जाण्याचा हक्क कामगारालाही आहे. त्यात कसली नाचक्की नाही.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान होतं आणि मागाहून पस्तावा होतो. एखाद्याचा स्क्रीनशॉट त्याच्या मालकाकडे पाठवण्याआधी विचारून पाहू या: खातं त्याचंच आहे का? मजकूर पुरता वाचला का? त्याला बोलण्याची संधी मिळाली का? त्याने मनापासून माफी मागितली का? हे प्रश्न दुसऱ्याच्या मुलासाठी विचारले, तरच आपल्या मुलासाठी विचारायला आपल्याला तोंड राहील.