उन्हातला हायड्रोजन आणि आपला युरिया



उसाला आपण जो युरिया टाकतो त्याचे मूळ हायड्रोजनमध्ये आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन, त्याचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया, असा हा क्रम. वायू महागला की खताचा खर्च वाढतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले, ते शेतकऱ्याच्याही कामाचे आहे.

सौर विजेने पाणी फोडणे ही हायड्रोजनची एक वाट. दुसरी वाट म्हणजे मध्ये वीज न आणता, पाण्यात कालवलेल्या भुकटीवर ऊन पाडायचे. जपानमध्ये फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवले. परंतु त्याला उन्हातले अतिनील किरणच चालतात आणि ते थोडे. म्हणून आता कार्बनचे सच्छिद्र सांगाडे मुद्दाम घडवतात. यांना सेंद्रिय म्हणतात, पण शेणखताशी त्याचा संबंध नाही!

छिद्रे कशाला? घट्ट चिबड रानात मुळी गुदमरते, वाफशावर ती फुटते. तसेच इथे. पाणी आतपर्यंत भिनले तरच आतला भाग कामाला येतो. इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू कूपर यांच्या गटाने २०१८ मध्ये पाणी ओढून घेणारी, ३.२ नॅनोमीटर छिद्रांची अशी भुकटी प्रसिद्ध केली. तीत रंगद्रव्य मुरवल्यावर एका ग्रॅममागे तासाला १६.३ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३३ मिलिग्रॅम हायड्रोजन निघाला.

आता खरी मेख. त्या पाण्यात क जीवनसत्त्व घालावे लागले आणि ते खर्ची पडले. शिवाय थोडे प्लॅटिनम लागले. साखर जाळून गूळ शिजवण्यातला हा प्रकार झाला. प्रयोगशाळेत तो चालतो, धंद्यात नाही. जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ गुंठाभर पॅनेलवर निव्वळ पाणी फोडले. पण तो पदार्थ खनिज होता आणि उन्हाची जास्तीत जास्त ०.७६ टक्केच शक्ती हायड्रोजनमध्ये उतरली.

आमचे मत स्पष्ट आहे. हे संशोधन थट्टेवारी नेऊ नये. सरकारने त्याला पैसा द्यावा, आपल्या मुलांनी रसायनशास्त्र शिकून त्यात उतरावे. मात्र उद्या कोणी असा प्रकल्प घेऊन कारखान्याच्या दारी आला, तर सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न हाच विचारा: ऊन-पाण्याखेरीज यात काय घालायचे, आणि ते किती संपते? याचा हिशेब कागदावर मिळेपर्यंत सभासदांच्या ठेवीतला एक रुपयाही तिकडे जाता कामा नये.