शाळेचा अर्धा गुंठा



दर हंगामात आसपासच्या प्राथमिक शाळांच्या सहली कारखाना पाहायला येतात. पोरं गव्हाणीपासून पोत्यापर्यंत फेरी मारतात, मूठभर साखर खातात आणि घरी जातात. अशा पुष्कळ सहली मी स्वतः फिरविल्या. शिकलं कोण काय? साखर गोड असते!

गेल्या हंगामात एका शाळेच्या बाई म्हणाल्या, "साहेब, कारखाना नको, बेणं द्या." शाळेमागे एका सभासदाने अर्धा गुंठा दिला होता. ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद. चौथी-पाचवीच्या पोरांनी काथ्या धरून मोजला. एक डोळ्याच्या टिपऱ्या तीन ओळींत लावल्या : शेंड्याच्या, मधल्या व बुडख्याच्या, प्रत्येकी ५०. रोज मोजणी, फळ्यावर नोंद. महिन्याने शेंड्याच्या ओळीत ४१ उगवले, बुडख्याच्या ओळीत २६. शेकडा किती, हे पोरांनीच काढलं. शेंड्याचा डोळा कोवळा, तिथे ग्लुकोज व नत्र जास्त, म्हणून तो लवकर फुटतो. हे मी सांगितलं. त्यावर एक पोरगा उठून म्हणाला, "मग आमच्या आजोबांना जुनाट खोडव्याचं बेणं का दिलं?"

ते बेणं आमच्याच खात्याने नोंदून दिलेलं. मी गप्प बसलो.

मग शेजारच्या तोडणीच्या फडातला ऊस आणून रिफ्रॅक्टोमीटर पोरांच्या हाती दिला. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. बुडख्याचा आकडा व शेंड्याचा आकडा जवळ आले की ऊस पक्व. टोळीवरची एक मुलगी, एरवी मागे बसणारी, कुठलं कांडं गोड ते चाखून आधीच सांगत होती. यंत्राने तिचंच खरं केलं. त्या दिवसापासून ती पुढे बसते, असं बाई सांगतात.

काही पालक रागावले. पोरगं शाळेत घालायचं ते पुन्हा मातीत हात घालायला का? बोलण्यात तथ्य आहे. शिक्षणाच्या नावाखाली पोरांकडून फुकट राबवून घेतल्याचं आपण पाहिलंय. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं, त्यात शाळेने आपला खर्च काढावा हाही विचार होता. मला त्या अर्ध्या गुंठ्यातून दमडी नको. पाणी, खुरपणी सभासदाने बघावी. कोयता आणि औषधं पोरांपासून लांब. पोरांनी मोजावं, लिहावं आणि आम्हाला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारावेत.

प्रत्येक गटात एका शाळेला बेणं आणि महिन्यातून एक शनिवार शेतकी मदतनीस द्यावा, असं मी संचालक मंडळाला लिहून दिलं आहे. शाळेलगत जागा असणाऱ्या सभासदांनी गट ऑफिसात नाव नोंदवावे. बेणं दहा महिन्यांचंच येईल, ते मी स्वतः पाहून पाठवीन.

— ऊस विकास अधिकारी