जगात जर्मनी, भारतात परभणी आणि पाळण्याचा हिशेब

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यातील शेंबड्या पोरालाही पाठ असते. ती कशी पडली, यावर चहाच्या टपरीवर जितकी तोंडे तितके किस्से ऐकायला मिळतात. आम्हाला ती अलीकडे वेगळ्याच कारणाने आठवते. जर्मनीत १९७२ पासून आजवर एकही वर्ष असे गेले नाही की जन्मलेल्यांचा आकडा मरण पावलेल्यांपेक्षा मोठा भरला. तेथे एका बाईमागे सरासरी दीड मूलही होत नाही. २०२४ सालचा आकडा १.३५ आहे. कारखाने आहेत, दवाखाने आहेत, पैसा आहे, पण काम करणारे हात नाहीत. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने महाराष्ट्र सरकारशी करार केला आणि दहा हजार कुशल तरुण मागितले. जगातली जर्मनी भारतातल्या परभणीकडे माणसे मागू लागली, असे म्हणायला हरकत नाही.

पण ज्याच्याकडे मागणे आले त्याच्या घरची स्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले आढळली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर हा आकडा २.१ लागतो. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत तो महाराष्ट्रात २.९ आणि देशात ३.४ होता. आता देशातही तो २ वर आला आहे. म्हणजे आपणही जर्मनीच्याच वाटेला लागलो आहोत. फरक इतकाच की ती गाडी फार आधी सुटली.

हे समजायला कापड दुकानदाराला सरकारी अहवाल लागत नाही. आमच्या वडिलांच्या काळी ईद असो की दिवाळी, घरचा कर्ता यायचा आणि एकाच ताग्यातून पाच-सहा भावंडांचे कापड फाडून न्यायचा. रस्त्यातून भावंडे निघाली की कोण कोणाच्या घरचे, हे कापडावरून ओळखू यायचे. मोठ्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला आणि शेवटी त्याची दुपटी व्हायची. आज एक किंवा दोन मुले घेऊन आई-बाप येतात, रेडिमेडचा डबा उघडायला लावतात आणि एका फ्रॉकला पूर्वीच्या अख्ख्या ताग्याचे पैसे देऊन जातात. झबली-टोपड्यांचे गठ्ठे कमी सुटतात, पण मुलांच्या मालाचा गल्ला घटलेला नाही. मुले कमी झाली, एकेका मुलावरचा खर्च वाढला. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर साऱ्या जगाच्या जन्मदराची गोष्ट याच एका वाक्यात आहे.

हा बदल का झाला? लेकरांची तुलना मालाशी केल्याबद्दल वाचकांनी माफ करावे, पण आम्हाला दुसरी भाषा येत नाही. रस्त्यात माल भिजेल, चोरीला जाईल अशी धास्ती असली की व्यापारी दोन गठ्ठे जास्त मागवतो. वाहतूक भरवशाची झाली की लागेल तेवढाच मागवतो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. चार जगावीत म्हणून सात होऊ देण्याची गरज उरली नाही. सोमालिया, चाड, नायजर या देशांत आजही एका बाईमागे सहाच्या आसपास मुले होतात; तेथे दहांतले एक मूल पाच वर्षांचे होण्याआधीच जाते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट कमाईची. पूर्वी आठ वर्षांचे पोर कापूस वेचायला, गुरे राखायला, मागावर कांडी भरायला उपयोगी पडे. ते घराच्या जमेच्या बाजूला होते. आता ते शाळेत जाते, शिकवणीला जाते, त्याला रिक्षा लागते, मोबाईल लागतो. वीस-बावीस वर्षे ते खर्चाच्याच खात्यावर राहते. दक्षिण कोरियात हा खर्च इतका वाढला की १९६० च्या सुमारास जेथे एका बाईला सहा मुले होत, तेथे २०२३ मध्ये ०.७२ चा आकडा आला. म्हणजे एकही पुरते नाही! शिकवण्या, घरांच्या किमती आणि रात्री उशिरापर्यंतची नोकरी, यांत पाळण्याला जागाच उरली नाही.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे मुलींची तालीम. पाचव्या पाहणीत ज्या बायका शाळेची पायरी चढल्या नाहीत त्यांना सरासरी २.८ मुले आणि ज्या बारावी किंवा त्यापुढे शिकल्या त्यांना १.८ मुले होती. मुलगी शाळेत राहिली की लग्न लांबते, लग्न लांबले की पहिले बाळ लांबते, आणि तिला घरात चार शब्द बोलण्याचा अधिकार मिळतो.

या यादीत धर्म कोठे आला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आपल्याकडे मात्र सभेत, बाजारात, आता मोबाईलवर चर्चा होते ती फक्त धर्माची. तेव्हा तो हिशेबही मांडू या. १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईमागे ४.४ आणि हिंदू बाईमागे ३.३ मुले होती. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २.३६ आणि १.९४ झाले. एकाहून अधिक मुलाचे अंतर अर्ध्याच्याही आत आले. त्याच पाहणीत बिहारच्या हिंदू बाईमागे २.८८ मुले, तर केरळच्या मुस्लिम बाईमागे २.२५. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या जम्मू-काश्मीरचा आकडा १.४, म्हणजे जवळजवळ जर्मनीइतकाच. जो फरक उरला आहे त्याचा मोठा भाग गरिबीचा आणि शाळेचा आहे.

आमच्यावर बोट रोखणाऱ्यांनी हे वाचावे, तसेच आमच्याच मोहल्ल्यात ‘संख्या हीच आपली ताकद’ असे सांगणाऱ्यांनीही वाचावे. मुले मोजायची तर त्यांची इयत्ताही मोजावी. पाळणा लांबविणे दीनच्या विरुद्ध आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी इमाम गझाली यांचे मत एखाद्या जाणत्या आलिमकडून समजून घ्यावे. नऊशे वर्षांपूर्वी त्यांनी ‘अझ्ल’ची मुभा मानली होती.

धर्माचा मुद्दा निकाली काढणारे याहून मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९७१ पर्यंत पाकिस्तान आणि बांगलादेश हा एकच देश होता. धर्म एक, आणि मुलांची संख्याही दोन्हीकडे साडेसहा-सातच्या घरात. आज बांगलादेशात ती दोनाच्या थोडी वर आहे; पाकिस्तानात २०१७-१८ च्या पाहणीत ३.६ होती. बांगलादेशाने काय केले? गावोगाव बायकांनाच आरोग्यसेविका नेमून घरोघर पाठविले. १९९४ पासून देशभरातल्या गावांतील मुलींना माध्यमिक शाळेसाठी वजिफा दिला आणि त्याला अट घातली की मुलगी अविवाहित राहिली पाहिजे. आणि आमच्या धंद्याला जवळची गोष्ट म्हणजे तयार कपड्यांचे कारखाने. त्यांत चाळीस लाखांच्या आसपास कामगार आहेत आणि निम्म्याहून अधिक बायका आहेत. महिन्याला पगार आणणाऱ्या मुलीला घरचे लोक ओझे समजत नाहीत. बालविवाह तेथेही संपलेला नाही, हे मान्य. पण पुष्कळ फरक पडला. इराणमध्ये १९८९ नंतर सरकार आणि उलेमा मिळून कामाला लागले आणि सहाच्या वरचा आकडा बारा-पंधरा वर्षांत दोनावर आला. पुढे २०२१ मध्ये तेथेच जन्म वाढविण्याचा कायदा झाला, परंतु पाळणे काही भरले नाहीत.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते बारगळले. गाडी आली की पुरुषमाणसे शेतात पळत, हे वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. त्या धास्तीने साध्या सल्ल्यालाही लोक पुढे कित्येक वर्षे भीत राहिले. चीनने १९८० पासून २०१५ पर्यंत एका मुलाची सक्ती केली, २०२१ मध्ये तीन मुलांची परवानगी दिली, आणि २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटू लागली. इकडे आंध्र प्रदेशाने दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकीतली बंदी २०२४ मध्ये उठविली आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जास्त मुले होऊ द्या म्हणू लागले. सरकारला काल नको होती ती मुले आज हवी झाली. घरातला हिशेब सरकारच्या हुकमाने चालत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता परभणीकडे येऊ, कारण खरी गाठ येथेच आहे. मुली शिकल्या, लग्ने लांबली आणि म्हणून मुले कमी झाली, असा क्रम आम्ही वर सांगितला. आमच्या जिल्ह्यात तसे घडलेले नाही. पाचव्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी ४८ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. महाराष्ट्राची सरासरी २२ च्या आसपास, परभणी राज्यात सर्वांत पुढे आणि बीड (४३.७) मागोमाग. ‘भारतात परभणी’ म्हणायची ही जागा नव्हे.

मग एवढ्या लवकर लग्ने होऊन मुले कमी कशी? उत्तर सरळ आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आगेमागे दोन किंवा तीन बाळंतपणे आणि मग ऑपरेशन. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९ टक्के बायकांचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषांचे शंभरात एकाचेही नाही. म्हणजे आकडा खाली आला, पण तो बाईच्या शाळेमुळे कमी आणि तिच्या पोटावरच्या टाक्यांमुळे जास्त. देशाच्या कोष्टकात परभणीची सून आणि जर्मनीची बाई जवळजवळ शेजारी बसतात, पण एकीने शिकून, कमावून ठरविले आणि दुसरीला कोणी विचारलेच नाही.

कारणे आम्हाला ठाऊक आहेत. ऊसतोडीला कोयता जोडीने लागतो, उचल जोडीवर मिळते. आई-बाप सहा महिने कारखान्यावर गेले की वाढत्या वयाची मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? आमच्या समाजातही कारणांची कमी नाही. उर्दू शाळा आठवी किंवा दहावीला संपली की पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. एस.टी.चा पास बारावीपर्यंत मुलींना मोफत आहे, पण संध्याकाळच्या परतीची काळजी पासाने मिटत नाही. मग ‘चांगले स्थळ आले आहे’ हे वाक्य येते. याला जात नाही, धर्म नाही. दुकानात सगळ्यांच्या तोंडून आम्ही ते सारख्याच सुरात ऐकतो.

आणि आम्ही कापडवाले ते वाक्य सर्वांच्या आधी ऐकतो. मांडव पडण्याच्या महिनाभर आधी बस्ता बांधायला मंडळी येतात. नवरी समोर बसलेली असते, तिच्या अंगाला शालू लावून पाहतात. कोवळे वय डोळ्यांना दिसते. ग्रामसेवकाला, शाळेच्या हेडमास्तरला कळायच्या आत आमच्या गादीवर कळलेले असते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे, १०९८ हा फोन मोफत आहे. पण फोनच्याही आधी एक साधा प्रश्न विचारता येतो: पोरीला किती साल पूर्ण झाले? दाखला पाहिला का? वर्षभर थांबलात तर मालाचा भाव आम्ही बांधून देतो, असेही म्हणता येते. यात धंदा बुडत नाही, तो बस्ता पुढच्या वर्षी येतो. शिवाय अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचे सलवार-कमीज आणि ओढण्या आपल्याच दुकानातून जातात. व्यापाऱ्याने आपला फायदा सांगायला लाजू नये.

धंद्याची आणखी एक बाजू आहे. पूर्वी दुकानाला चार मुलगे असत. एक गादीवर, एक खरेदीला भिवंडी-मालेगावला, एक उधारी वसुलीला. आज एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि बाप सत्तरीत कुलूप उघडतो. शिकलेली मुलगी वही लिहू शकते, हिशेब ठेवू शकते, बायका-मुलांच्या मालाचे काउंटर पुरुषापेक्षा चांगले सांभाळू शकते. ज्या घरात दोनच लेकरे, त्या घराने त्यांतल्या एकीला सोळाव्या वर्षी रवाना करणे, हे निव्वळ व्यापारी बुद्धीनेही परवडण्यासारखे नाही.

काही दुकानदार मित्र म्हणतात, तुम्ही विचारपूस केलीत तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. बरोबर आहे. एकट्याने विचारले तर जाईलच. म्हणून लग्नसराईच्या आधी सर्वांनी मिळून ठरवावे की वयाचा दाखला पाहिल्याखेरीज नवरीचा बस्ता उधारीवर बांधायचा नाही. नगदीवाल्याला निदान विचारायचे तरी. जिंतूर, पाथरी आणि सेलूच्या व्यापारी बांधवांशी आमचे बोलणे झाले आहे. मानवतचे लोक कापसाची गडबड संपल्यावर बसू म्हणतात. गंगाखेड, सोनपेठ, पालम आणि पूर्णेकडील मंडळींनी आपला विचार या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावा.