लग्नाची कॅसेट आणि वरणभात

आमचं लग्न एकदाच झालं. पण त्याच्या कॅसेटचं मात्र आतापर्यंत चारदा लागलं. पहिलं १९८८ साली मुलुंडच्या एका हॉलात, व्हीएचएसशी. दुसरं २००५ साली व्हीसीडीशी. तिसरं २०१२ साली भाच्याच्या पौरोहित्याखाली, थ्रीजीपी नावाच्या एका कुपोषित वराशी. आणि चौथं गेल्या महिन्यात. दर वेळी मला एकच आश्वासन मिळालं, "आता काळजी नको, हे कायमचं!" 'कायमचं' हा शब्द इतक्या बिनदिक्कतपणे वापरणारी दुसरी एकच जमात मला ठाऊक आहे, ती म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे.

माझं भांडण या 'कायमच्या'शीच आहे.

तुम्ही म्हणाल, लग्नाच्या कॅसेटसाठी एवढं काय? खरं आहे. आमच्या लग्नाची कॅसेट कोणी आपण होऊन बघावी अशी नाहीच. तीन तासांची ई-१८०. त्यात अर्धा तास नुसते आहेर. व्हिडिओवाल्याने बदामाच्या आकारात मला आणि बदामाबाहेर सौ.ला बसवलेलं. त्याच्या दिव्याच्या उजेडात भटजींसकट सगळे डोळे मिटून उभे. आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आवाज पुसून वर सिनेमाची गाणी! मंगलाष्टकंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. वधूवर अंतरपाटाशी आणि मागे पार्श्वगायिका!

पण माझे सासरे, अण्णा, यांनी स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक स्वतःच म्हटलं होतं. रेल्वेतली नोकरी, गाण्याचा गंध नाही. पण मुलीचं लग्न म्हणून धीर केला. व्हिडिओवाल्याचं सिनेमातलं गाणं मंगलाष्टकाच्या आधी संपलं, ही त्याची चूक आणि आमचं भाग्य. त्यामुळे शेवटचा अण्णांचा आवाज चाळीसेक सेकंद ऐकू येतो. 'सावधान'ला सूर सुटतो तोही. अण्णा १९९६ साली गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद जगात कुठेही नाही.

२००५ साली स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने मला घाबरवलं, "मुंबईची दमट हवा, काका. टेपला बुरशी धरते." यात खोटं काहीच नव्हतं. त्याने तीन व्हीसीडी करून दिल्या, कारण एका तबकडीत चौऱ्याहत्तर-ऐंशी मिनिटंच मावतात. मग म्हणाला, "आता कॅसेट टाकून दिलीत तरी चालेल." दिवाळीच्या साफसफाईत ती गेली. कोणी टाकली हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. माझी बाजू कमजोर आहे, एवढंच सांगतो.

दुकानदाराने जे सांगितलं नाही ते असं : आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ५७६ ओळींचं. व्हीसीडीत मावतात २८८. म्हणजे अर्ध्या ओळी त्याच दिवशी कचऱ्यात. वऱ्हाडातला निम्मा जनसमुदाय जेवायच्या आधीच परत पाठवावा तसं. त्यानंतर भाच्याने ते मोबाईलवर नेलं, तेव्हा माणसांचे चेहरे तिळगुळाएवढे आणि तितकेच खडबडीत झाले. एका बाईला सौ. पाच मिनिटं आपली आत्या समजत होती. ती केटररची निघाली.

यंदा नवा टीव्ही आला. त्यात पेनड्राइव्ह खोचला, तर तो म्हणाला, फाईल चालत नाही. व्हीसीडीतली फाईल डॅट नावाची असते. भाचा म्हणाला, "मामा, नुसतं नाव बदलून एमपीजी करा." केलं. कॉम्प्युटर फसला, टीव्ही नाही फसला. व्हीएलसीवर तर ती आधीपासूनच चालत होती. पण सासूबाईंना फोनवर "व्हीएलसी उतरवून घ्या" म्हणून समजावू शकेल असा जावई अजून जन्माला यायचाय.

या भानगडीत मला एक गोष्ट कळली, ती स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. एमपीफोर, एव्हीआय, डॅट हे नुसते डबे. आतली भाजी वेगळीच असते. कधीकधी भाजी तीच ठेवून डबा बदलता येतो, चव जराही बिघडत नाही. पण व्हीसीडीतली भाजी १९९३ सालची. आजचे टीव्ही आणि फोन ती बऱ्याचदा तोंडातच घेत नाहीत. ती पुन्हा शिजवावी लागते. आणि शिजवलेलं पुन्हा शिजवलं, की काय होतं ते होस्टेलात राहिलेल्यांना विचारा. म्हणून फाईल बदलायची तर सर्वांत धाकट्या पिढीवरून नव्हे, सर्वांत जुन्या पूर्वजावरून बदलावी. आमचा पूर्वज तर दिवाळीत गेलेला!

इथे सासूबाई धावून आल्या. घाटकोपरला त्यांच्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली कॅसेटची दुसरी प्रत निघाली. ही बाई काहीही टाकत नाही म्हणून आम्ही तीस वर्षं हसलो होतो. प्रश्न उरला तो व्हीसीआरचा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत तो बनवणंही बंद केलं, आणि ती शेवटची राहिलेली कंपनी होती. तेव्हा एका दुरुस्तीवाल्याचे पाय धरले. त्याने टेपची बुरशी साफ केली आणि सगळ्या ५७६ ओळी उतरवून घेतल्या.

मग फाईल कशात करायची यावर भाच्याशी जुंपली. त्याचा आग्रह एच.२६५ चा. "जागा निम्मी लागते, मामा!" मी म्हटलं, जागेची चिंता मुंबईत घराच्या बाबतीत करावी, फाईलच्या नव्हे. मी एमपीफोरच्या डब्यात एच.२६४ घेतलं, २००३ सालचं. ते सर्वांत चांगलं आहे म्हणून नाही. वरणभात तरी कुठे सर्वांत चांगला पदार्थ आहे? पण तान्ह्या बाळापासून कवळीवाल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतो, आणि कुणाच्याही घरी मिळतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने काम झालं. फक्त जुन्या टीव्हीचं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी विणलेलं असतं, ते उसवायला सांगावं लागतं. नाहीतर कोणीही हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दाते उगवतात. पहिल्या खेपेला माझ्या मिशीला उगवले होते.

"आता तरी मूळ फेकायला हरकत नाही," असं भाचा म्हणाला, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. अरे, दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पुण्याच्या संग्रहालयाला पहिलं आणि शेवटचं एवढीच मिळाली. मधली दोन कोणाला तरी कधीतरी अडगळच वाटली असतील! तिथे आमच्या अण्णांच्या चाळीस सेकंदांना कोण विचारतो? रूपांतर म्हणजे जतन नव्हे. रूपांतर म्हणजे आज बघायची सोय. ती फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. आणि मूळ वस्तू, मग ती चालो न चालो, कपाटात राहू द्या. उद्या याहून चांगलं यंत्र निघेल आणि आपल्याकडे त्यात घालायला काही नसेल, ही फजिती मी एकदा भोगली आहे.

रविवारी सासूबाईंच्या फोनवर फाईल घातली. त्यांनी चष्मा पुसला. आहेर त्यांनी बोटाने पुढे ढकलले. ते चाळीस सेकंद लागले तेव्हा फोन कानाशी नेला, चित्र बघितलंच नाही. 'सावधान'चा सूर सुटला तशा म्हणाल्या, "तिथे यांचं नेहमीच चुकायचं. रात्रभर घोकून घेतलं होतं मी." पुन्हा एकदा ऐकलं. मग फोन बाजूला ठेवून माझ्याकडे हात पुढे केला.

"माझी कॅसेट आणलीत ना परत?"