शक्तिमान घरात बसून कुणी पाहिला, खिडकीतनं कुणी पाहिला?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, एवढी हात जोडून विनंती.

परवा आपल्या पालीच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. शक्तिमान, जंगल बुकातला मोगली, पॉवर रेंजर्स आणि तो जुना जायंट रोबोट, सगळे एका चौकटीत. वर लिहिलेलं, 'आमचं बालपण सोन्याचं होतं, आजच्या लेकरांचं मोबाईलनं खाल्लं.' टाकणारा आपलाच दोस्त, आता पुण्यात असतो. खाली दीडशे अंगठे, बदाम, रडके चेहरे. मी पण आधी अंगठा दिला, खोटं कशाला बोलू. मग रात्री झोप येईना. अन् वाटलं, हे बोललं पाहिजे.

भावांनो, हे 'आमचं' म्हणजे नेमकं कुणाचं?

माझ्या आठवणीत आपल्या आळीत टीव्ही एकच होता. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरचा. रविवारी दुपारी बारा वाजता शक्तिमान लागायचा. घरधन्याची लेकरं पलंगावर, भावकीतली खाली सतरंजीवर, बाकीची उंबऱ्यात. आणि काही लेकरं खिडकीच्या गजाला धरून बाहेर उन्हात उभी. ती खिडकीतली लेकरं कोणत्या वस्तीतली होती हे गावात सगळ्यांना माहीत आहे, माझ्याकडून वदवून घेऊ नका. मी उंबऱ्यात बसायचो. आज त्या फोटोखाली कमेंट करणारे बहुतेक पलंगावरचे आणि सतरंजीवरचे आहेत. खिडकीतल्या एकाचीही कमेंट मला दिसली नाही. त्यांच्यातले निम्मे तर ग्रुपमध्येच नाहीत.

आणि लाईट! ऐन मारामारीत लाईट जायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, वायरी जोडायच्या, तोवर किलविश पळून गेलेला असायचा. हे आठवून हसू येतं, मलाही येतं. पण दसऱ्यानंतर वर्गातली जी लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जायची, सांगली-कोल्हापूरकडं, नगरकडं, कर्नाटकात, त्यांचा शक्तिमान थेट उन्हाळ्यात चालू व्हायचा. मधले पाच-सहा महिने त्यांनी पाहिलेच नाहीत. ती परत आली की विचारायची, 'पुढं काय झालं?' आपण भाव खाऊन सांगायचो. तेही एक गोळी दे म्हणून.

आता मूळ मुद्दा. ते जे 'आपलं' म्हणून मिरवतोय ते आपलं नव्हतंच, हे किती जणांना ठाऊक आहे? जायंट रोबोट ही जपानची मालिका, १९६७ सालची. अमेरिकेत इंग्रजी होऊन ती ८० च्या दशकात दूरदर्शनवर आली. मनगटी घड्याळात बोलून राक्षसाएवढा रोबोट उडवणारं ते पोरगं आठवतं का थोरल्यांना? मोठा भाऊ सांगतो, आमच्याकडं घड्याळ कुठलं, दातानं मनगटाला कडाडून चावायचं, गोल वळ उठला की झालं घड्याळ. १९९३ ला रविवारी सकाळी लागणारा मोगलीही जपानीच. गंमत बघा, गोष्ट सिवनीच्या जंगलातली, म्हणजे आपल्या नागपूरच्या पेंचला लागून. ती लिहिली इंग्रजानं, तिचं कार्टून केलं जपान्यांनी, आणि ते आपल्याकडं आलं हिंदीतून. त्यातल्या शेरखानला आवाज मात्र आपल्या नाना पाटेकरांचा. वाघाच्या तोंडात मराठी माणूस, पण वाघ बोलणार हिंदीच!

पॉवर रेंजर्सची कथा तर याहून भारी. अमेरिकेतल्या कंपनीनं जपानी मालिकेतली मुखवट्यातली मारामारी उचलली, आणि मुखवटा काढल्यावरचे प्रसंग तेवढे आपली पोरं घेऊन नव्यानं चित्रित केले. मुखवट्याच्या आत कोण हे कुणाला दिसतंय? जगभर विकलं. म्हणजे दुसऱ्याचं घेण्यात लाज काहीच नाही. घेतल्यावर त्याचं तुम्ही काय करता, सवाल तो आहे.

फिलिपिन्सवाल्यांनी काय केलं ऐका. तिथं ७० च्या दशकात 'व्होल्टेस फाइव्ह' नावाचं जपानी कार्टून लागायचं. पाच जणांची पाच यानं जोडून एक रोबोट होतो आणि जुलमी साम्राज्याशी लढतो. लेकरं येडी झाली होती. १९७९ साली तिथला हुकूमशहा मार्कोस यानं ते बंद केलं, शेवटचे काही भागच राहिले असताना. त्या लेकरांनी ते कधी माफ केलं नाही. १९८६ ला लोक रस्त्यावर उतरले आणि मार्कोस देश सोडून पळाला. कार्टूनमुळं पळाला असं मी म्हणत नाही, नाहीतर कुणीतरी लगेच स्क्रीनशॉट काढील. पण त्या पिढीच्या तोंडी आजही तो किस्सा आहे. आणि ते नुसते आठवणी काढत बसले नाहीत. जपानी 'बायोमॅन' गाजला तर त्याची टर उडवत 'बायोकिड्स' नावाचा सिनेमा काढला. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत त्या रंगीत कपड्यांतल्या वीरांना आपल्या गल्लीत आणलं, आपल्या बोलीत बोलायला लावलं. २०२३ ला तर तिथल्या चॅनेलनं व्होल्टेस फाइव्हची मालिका आपले नट घेऊन नव्यानं केली.

आपल्याला हे जमत नाही असं कोण म्हणतं? १९९३ लाच महेश कोठारेंनी अमेरिकेतल्या खुनी बाहुल्याच्या सिनेमावरून 'झपाटलेला' केला. रामदास पाध्यांचा बाहुला, लक्ष्याची तारांबळ, आणि तात्या विंचू. आज गावातल्या कुणालाही विचारा, मूळ अमेरिकन बाहुल्याचं नाव सांगता येणार नाही. तात्या विंचू शेंबडं पोरगंही सांगतं.

आणि आपण पालीत केलंच की! १९९९ चा गणपती आठवा. मारुतीच्या पारासमोर पोरांनी 'शक्तिमान पालीत' नावाचं नाटक बसवलं होतं. लाल स्वेटर, छातीवर डालड्याच्या डब्याचं झाकण चक्र म्हणून शिवलेलं, पायात कुणाच्या तरी मामाचे गमबूट. शक्तिमान गरगर फिरायचा अन् चक्कर येऊन पडायचा. उठून म्हणायचा, 'थांबा, गंगाधरला मळमळतंय.' किलविश कोण होता? मुकादम. काळं घोंगडं पांघरून यायचा, हातात वही. अंधाराची घोषणा नाही, त्याचं एकच वाक्य होतं: 'उचल फिटली का?' शक्तिमान बुक्क्या मारायचा, किलविश वही उघडून आकडा वाढवायचा. जेवढ्या बुक्क्या तेवढी उचल. बायामाणसं पोट धरून हसत होती. खरा मुकादम पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. तो पण हसला, पण जरा उशिरा.

हे कुणी शिकवलं नव्हतं. मास्तर नाही, लेखक नाही. दिल्लीहून आलेल्या हिंदी वीराला सातवी-आठवीच्या पोरांनी आपल्या बोलीत आणला आणि त्याला गावातल्या खऱ्या राक्षसापुढं उभा केला. माझ्या लेखी ते मूळ मालिकेपेक्षा सरस होतं. मूळ मालिका पाहून तर शक्तिमान वाचवायला येईल म्हणून लेकरांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावरून समजवावं लागलं होतं, बाळांनो असं करू नका. आमच्या शक्तिमानाच्या भरवशावर कुणी उडी मारली नसती. तो स्वतःच पडत होता.

ते लाल स्वेटर घातलेलं पोरगं दसऱ्यानंतर आईबापासंगं कारखान्यावर गेलं. पुढच्या वर्षी शाळेत परत आलं नाही. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तो काही तुमच्या त्या फोटोत नाही.

आता आजच्या लेकरांकडं या. आपण म्हणतो मोबाईलनं खाल्लं. माझी पुतणी चार वर्षांची. डोरेमॉन अन् शिनचॅन बघून भूक लागली तरी हिंदीत सांगते, भांडली तरी हिंदीत. आपल्या गावातल्या मुसलमान घरांत दखनी बोलतात, ती इथल्या मातीतली, तिच्याशी माझं भांडण नाही. ही हिंदी पडद्यावरची, कुठल्याच गावाची नाही. पुतणीला शिनचॅनचं कासुकाबे माहीत आहे, बिंदुसरा कुठली ते माहीत नाही. धरण घरापासून हाकेच्या अंतरावर आहे!

आणि मोठ्यांनी काय केलं? २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, महाराष्ट्र पेटला. २९ जूनला सरकारनं दोन्ही जीआर मागं घेतले. चांगलं झालं, मी पण त्या बाजूनंच होतो. पण पहिलीत जाईपर्यंत लेकरानं तीन वर्षं रोज हिंदी ऐकलेली असते, त्यावर मोर्चा कुणी काढला? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले. अभिजात भाषेत चार वर्षांच्या लेकराला बघायला काय आहे, हे कुणी विचारलं?

तमिळ लेकरांसाठी सन समूहाचं चुट्टी टीव्ही २००७ ला आलं. २००९ ला तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू. २०११ ला मल्याळममध्ये कोचू. आपल्या शेजारच्या राज्यांतल्या लेकरांनी जपानी-अमेरिकी कार्टून स्वतःच्या भाषेत पाहिली. त्याच समूहानं २०२१ ला सन मराठी काढलं, पण ते सासवा-सुनांसाठी. त्याच वर्षी ईटीव्ही बालभारत अनेक भाषांत आलं, त्यात मराठीही होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण गावात दहा घरी विचारलं, एकाही घरात नाव ऐकलेलं नव्हतं. जुन्या मुंबई दूरदर्शनवर 'किलबिल' होतं, 'गोट्या' होती. आज आपल्या पैशावर चालणारी सह्याद्री वाहिनी आहे. तिनं रोज संध्याकाळी अर्धा तास लेकरांसाठी दिला तर काय आभाळ कोसळणार आहे?

कुणी म्हणेल, मराठीत कार्टून कोण बघतंय, मार्केट नाही. अरे मग रिल्सवर ती गावठी डबिंगवाली पोरं बघा. हॉलिवूडचा हिरो वऱ्हाडीत बोलतो, मराठवाडीत बोलतो, लाखो लोक बघतात. त्यात शिव्या फार असतात, लेकरांपुढं लावता येत नाही, हे खरं. पण हुनर आहे की नाही? लिहिणारे आहेत, आवाज आहेत, बघणारे आहेत. नाही ते फक्त पैसे देणारं अन् मागणी करणारं. मागणी आपण करत नाही कारण आपण फोटोखाली बदाम टाकण्यात गुंतलोय.

म्हणून माझी दोन मागण्या. पहिली, आमदार-खासदारांना निवेदन द्यायचं, सह्याद्रीवर लेकरांसाठी रोजचा अर्धा तास, आणि तो फक्त पुणेरी मराठीत नको. मी मसुदा लिहिलाय, दुरुस्त्या सांगा.

दुसरी गावातली. शाळेचं गॅदरिंग दरवर्षी जानेवारीत होतं. जानेवारीत वर्गातली किती लेकरं फडावर असतात, हजेरीपट बघा. मागच्या लेकरांना स्टेजच मिळत नाही. मग उरलेली डीजेवर सिनेमाची गाणी नाचतात आणि आपण व्हिडिओ काढतो. गॅदरिंग गणपतीत घ्या. कोयते निघायच्या आधी. एक तरी नाटक लेकरांनी स्वतः रचलेलं असू द्या, शिनचॅन पालीत आणा, डोरेमॉनच्या खिशातून विहिरीला पाणी काढा, किलविश कोण करायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मास्तरांनी मध्ये पडू नये.

पुण्याच्या दोस्ता, तुझ्यावर राग नाही. तू पलंगावर बसायचास, पण गोळ्याही वाटायचास, ते विसरलो नाही. पडद्याचा खर्च तू दे. येत्या रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर बसू. लाल स्वेटर कुणाच्या पेटीत असेल तर घेऊन या.