साखळीतील अनाम दुवा

आपल्या किनाऱ्यावर तूर फारशी पिकत नाही. पण वरणावाचून आपले पान हलत नाही. ज्या कलबुर्गी जिल्ह्याची तूरडाळ नावाजलेली, त्यात आळंदच्या वाटेवर कडगंची हे गाव आहे. २००९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्यापीठाचे हे ठिकाण. २०२२-२३ च्या हंगामात या जिल्ह्यातील तुरीला मर रोगाने ग्रासले होते. उभे पीक वाळू लागले की आवक घटणार हे आडत्याला कळते, डाळमिलचा पट्टा थांबणार हे मिलवाल्याला कळते आणि गाड्या रिकाम्या राहणार हे हुंडेकऱ्याला. त्यासाठी कोणी आम्हा वृत्तपत्रवाल्यांची वाट पाहत नाही.

शेअरबाजार मात्र, आश्चर्य असे की, या बाबतीत मंद आहे. कोहेन आणि फ्राझिनी या अभ्यासकांनी १९८० ते २००४ या काळातील अमेरिकी कंपन्या तपासून २००८ साली दाखवून दिले की, मोठ्या गिऱ्हाईक कंपनीविषयी बातमी आली म्हणजे तिचा भाव तत्काळ हलतो; तिला माल पुरविणाऱ्या कंपनीचा भाव हलण्यास पुढे काही महिने लागतात. गिऱ्हाइकाचा भाव चढताच पुरवठादाराचे शेअर घ्यावेत, उतरताच विकावेत, या रीतीने महिन्याला दीड टक्क्याहून अधिक जादा मिळकत त्यांच्या हिशेबात निघाली. अर्थात ती कागदावरची. दलाली आणि कर चुकविताना सामान्य माणसाच्या पदरी त्यातले किती उरेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आमच्या दृष्टीने या साखळीचे मोल नफ्यापेक्षा सावधगिरीसाठी अधिक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, त्याचे स्मरण वाचकांना असेलच. एका भावाचा ट्रक, दुसऱ्याचा बार्जमध्ये हिस्सा, तिसऱ्याचे गॅरेज. धंदे तीन, पण तिन्ही टोपल्या एकाच खुंटीला टांगलेल्या. मार्च २०१८ मध्ये ती खुंटी पुन्हा निखळली.

२०२४ मध्ये देशातील डीमॅट खात्यांनी १५ कोटींचा आकडा ओलांडला. त्यांतील एखादा निवृत्त शिक्षक ओतकामाची, घडाईची आणि टायरची अशा तीन कंपन्यांचे शेअर घेतो व जोखीम विभागली म्हणून निश्चिंत होतो. तिघींचाही माल एकाच मोटार कारखान्यात जात असेल तर? भारतीय लेखामानक १०८ नुसार दहा टक्के वा अधिक उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येत असल्यास कंपनीने ती रक्कम सांगावी लागते. नाव सांगण्याचे बंधन नाही. नाव फोडले तर प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक पळवतील, अशी सबब यावर पुढे केली जाते. आम्हांस ती पटत नाही. त्या धंद्यातल्या साऱ्यांना कोण कोणाला माल देतो हे पाठ असते. अंधारात राहतो तो केवळ लहान भागधारक. 'सेबी'ने नोंदणीकृत कंपन्यांना हे नाव जाहीर करण्यास भाग पाडावे. तोवर वाचकांनी शेअर घेण्यापूर्वी पतमापन संस्थांची त्या कंपनीवरील टिपणे अवश्य चाळावीत. अहवालात दडलेले गिऱ्हाईक तेथे कित्येकदा नावानिशी सापडते.